घटक ६ : भाषिक श्रवण – कान, डोळे आणि त्वचा

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर, बोलणे ऐकताना मेंदूतील श्रवणकेंद्रे दृष्टी व स्पर्श यांच्याकडून येणारी माहिती कशी उपयोगात आणतात, हे आपल्याला सांगता येईल. मराठी वर्णमालेतील व्यंजनांची मांडणी या दृष्टीने पुन्हा तपासता येईल. तसेच भाषेच्या रूढ व्याख्येतील ‘ध्वनी’ या शब्दाची मर्यादा कोठे पडते, याचाही विचार करता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण स्वनांचा अभ्यास उच्चारणाच्या अंगाने केला. जीभ, ओठ, दंतमूल, मूर्धा, स्वरतंतू यांच्या हालचालींतून स्वन कसा निर्माण होतो, हे पाहिले. वक्त्याच्या मुखातून निघालेला स्वन हवेतून प्रवास करून श्रोत्याच्या कानी पडतो आणि तेथे उच्चारणाचे वर्तुळ पूर्ण होते, असे आपण सहज गृहीत धरतो. व्याकरणाच्या आणि भाषाविज्ञानाच्या बहुतेक पुस्तकांत या प्रवासाचे जे चित्र असते, त्यात एका बाजूला तोंड आणि दुसऱ्या बाजूला कान दाखवलेला असतो. ऐकणाऱ्याचे डोळे त्या चित्रात नसतात.

व्यवहारातील अनुभव मात्र वेगळा आहे. बाजाराच्या गलक्यात कोणी आपल्याशी बोलू लागले, की आपली नजर आपोआप त्याच्या तोंडाकडे वळते. दूरध्वनीवरून नाव सांगताना ‘म, मनमाडचा म’ असे स्पष्ट करावे लागते. समोरासमोर बसून सांगताना तशी गरज क्वचितच पडते. करोनाच्या काळात मुखपट्टी लावून बोलणाऱ्या माणसाला ‘काय म्हणालात?’ असे आपण वारंवार विचारत होतो. पट्टीमुळे आवाज थोडा दबत होता, हे खरेच. परंतु त्याचे ओठही आपल्याला दिसत नव्हते. या साध्या अनुभवांमागे मेंदूची जी यंत्रणा आहे, तिचा विचार या घटकात करावयाचा आहे. आपण साहित्याचे आणि भाषेचे विद्यार्थी आहोत, शरीरशास्त्राचे नाही. म्हणून चेतापेशींची माहिती आपल्या प्रश्नापुरतीच घेऊ.

६.२ कानापासून मेंदूपर्यंत

ध्वनितरंग कानाच्या पडद्यावर आदळतात. मध्यकर्णातील तीन लहान हाडे ते कंपन आंतरकर्णातील शंखाकृती नलिकेपर्यंत पोहोचवतात. तेथील केशपेशी कंपनांचे विद्युत्-संदेशांत रूपांतर करतात आणि श्रवणचेता ते संदेश मेंदूकडे नेते. मार्गात अनेक थांबे असतात. पहिला थांबा मेंदूच्या देठात असतो, त्यानंतर मध्यमेंदू लागतो आणि शेवटी संदेश कानशिलाच्या आतील बाजूस असलेल्या श्रवणक्षेत्रात पोहोचतात.

हा मार्ग केवळ ध्वनीसाठी राखून ठेवलेला आहे, दृष्टीचा मार्ग वेगळा, स्पर्शाचा वेगळा, आणि हे सारे मार्ग आपापले काम पूर्ण केल्यावर मेंदूच्या वरिष्ठ केंद्रांत एकत्र येतात, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. सरकारी कचेरीत प्रत्येक टेबलावरची फाइल स्वतंत्रपणे पुढे सरकते आणि अखेरीस साहेबांच्या टेबलावर सगळ्या फाइली एकत्र होतात, तशी ही कल्पना होती. गेल्या चार-पाच दशकांतील संशोधनाने ती बरीच मोडीत काढली आहे. टेबलांचे आपसांतील बोलणे पहिल्या थांब्यापासूनच चालू असते.

६.३ दिसलेला उच्चार

या विषयातील सर्वांत प्रसिद्ध प्रयोग भाषेचाच आहे. इंग्लंडमधील सरे विद्यापीठातील हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड यांनी १९७६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. पडद्यावर एक व्यक्ती ‘ग-ग’ असे उच्चारताना दिसते. परंतु तिच्या मुखहालचालींवर ‘ब-ब’ असा आवाज जोडलेला असतो. डोळे मिटून ऐकले तर ‘ब’ ऐकू येतो. डोळे उघडे ठेवून ऐकले, तर बहुतांश प्रौढ श्रोत्यांना ‘द’ ऐकू आला. म्हणजे आवाजात नसलेला आणि ओठांवरही नसलेला असा तिसराच स्वन त्यांच्या श्रवणात निर्माण झाला. (इंग्रजीतील हा स्वन दंतमूलीय आहे, मराठी कानाला तो ‘द’ पेक्षा ‘ड’ला जवळचा वाटतो. आपण मराठीभाषक हा प्रयोग करू, तेव्हा काय ऐकू येते हे नोंदवण्यासारखे आहे.)

असे का व्हावे? कानाने आणलेला पुरावा ‘ब’चा आहे, पण ध्वनितरंगांच्या दृष्टीने ‘ब’ आणि ‘द’ फार दूरचे नाहीत. डोळ्यांनी आणलेला पुरावा सांगतो की ओठ मिटलेलेच नाहीत, तेव्हा हा ‘ब’ असू शकत नाही. उघड्या मुखातून निघणारा ‘ग’ आणि ‘द’ यांत मात्र डोळ्यांना फारसा फरक करता येत नाही. दोन्ही पुराव्यांशी जुळणारा स्वन ‘द’च उरतो. याउलट आवाज ‘ग’चा आणि ओठ ‘ब’चे अशी जोडी केली, तर अनेकांना ‘बग’सारखा संयुक्त उच्चार ऐकू येतो; कारण ओठ मिटलेले स्पष्ट दिसत असताना तो पुरावा टाकून देता येत नाही.

या प्रयोगातील सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट अशी, की फसवणूक कशी केली आहे हे ठाऊक असूनही ती चालूच राहते. मृगजळ हे मृगजळ आहे असे कळल्यावरही ते दिसते, तसेच हे आहे. म्हणजे आधी शुद्ध ध्वनी ऐकायचा आणि मग ओठ पाहून तर्क करायचा, असा दोन पायऱ्यांचा हा व्यवहार नसावा. मात्र हा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही. मूळ प्रयोगात लहान मुलांवर तो प्रौढांपेक्षा कमी दिसला. पुढील अभ्यासांत व्यक्तीव्यक्तीत आणि भाषाभाषांतही फरक आढळले. म्हणून ‘डोळे कानांवर मात करतात’ असा सरसकट निष्कर्ष काढू नये.

शब्दभ्रमकलेचे उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. यशवंत पाध्ये यांचा ‘अर्धवटराव’ आणि पुढे रामदास पाध्ये यांनी घराघरांत पोहोचवलेल्या बोलक्या बाहुल्या आपण पाहिल्या असतील. आवाज कलावंताच्या मुखातून येत असतो, पण हलणारे तोंड बाहुलीचे असते आणि आपले श्रवण आवाजाला त्या तोंडात नेऊन बसवते. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याने येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ओठ न हलवता बोलायचे, तर प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य व्यंजने अडचणीची ठरतात. शब्दभ्रमकार त्यांच्या जागी जिभेने काढता येणारे जवळचे उच्चार योजतात. संदर्भ आणि बाहुलीचे हलणारे तोंड यांच्या जोरावर प्रेक्षक ‘म’च ऐकतो.

६.४ चेतापेशींच्या पातळीवर

आता हा संगम मेंदूत नेमका कोठे होतो, ते पाहू.

१९८३ साली अमेरिकेतील अ‍ॅलेक्स मेरेडिथ आणि बॅरी स्टाइन यांनी मांजराच्या मध्यमेंदूतील एका भागातील चेतापेशींची नोंद प्रसिद्ध केली. हा भाग नजर आणि मान योग्य दिशेला वळवण्याचे काम करतो. तेथील काही पेशी एकट्या मंद प्रकाशाला क्षीण प्रतिसाद देत, एकट्या मंद आवाजालाही क्षीण प्रतिसाद देत. परंतु दोन्ही एकाच जागेहून, एकाच वेळी आले की प्रतिसाद दोहोंच्या बेरजेपेक्षाही मोठा होई. जागा किंवा वेळ जुळली नाही, की हा लाभ नाहीसा होई. आणखी महत्त्वाचे म्हणजे, स्वतंत्र संवेदना जितक्या दुर्बळ, तितका एकत्रीकरणाचा लाभ अधिक. भाषेच्या क्षेत्रात हीच गोष्ट त्यापूर्वीच दिसून आली होती. १९५४ साली सम्बी आणि पोलॅक यांनी गोंगाटात शब्द ऐकवून दाखवले होते, की गोंगाट वाढत जातो तसतसा वक्त्याचा चेहरा पाहण्याचा उपयोगही वाढत जातो.

परंतु मध्यमेंदूतील तो भाग नजरेच्या नियंत्रणाचा. तेथे अशा मिश्र पेशी असल्या तर नवल नाही. खरा प्रश्न होता तो ज्याला आपण ‘श्रवणक्षेत्र’ म्हणतो, तेथील पेशींचा. १९९७ साली जेमा कॅल्व्हर्ट आणि सहकाऱ्यांनी माणसांना आवाज नसलेली, केवळ ओठ हलताना दिसणारी चित्रफीत दाखवली आणि मेंदूतील रक्तप्रवाहाशी निगडित बदल मोजले. काहीही ऐकू येत नसताना श्रवणक्षेत्र सक्रिय झालेले आढळले. या मापनातून एकेक पेशी दिसत नाही. लाखो पेशींच्या प्रदेशाचा एकत्रित अंदाज मिळतो. श्रवणक्षेत्राच्या अगदी गाभ्यापर्यंत हा परिणाम पोहोचतो का, याबद्दल संशोधकांत मतभेद झाले. पेशींची थेट नोंद प्रामुख्याने प्राण्यांमध्येच घेता येते. २००१ साली चार्ल्स श्रोडर आणि सहकाऱ्यांना मकाक माकडांच्या श्रवणक्षेत्राच्या एका भागात स्पर्शाला प्रतिसाद मिळाला. २००५ साली आसिफ गझनफर आणि सहकाऱ्यांनी याच जातीसमूहातील माकडांना त्यांच्या जातभाईंचे चेहरे आणि आवाज एकत्र दाखवले-ऐकवले. केवळ आवाज ऐकवला असता श्रवणक्षेत्रात उमटणारी विद्युत्-हालचाल चेहरा सोबत असताना बदलत होती. काही ठिकाणी वाढत होती, काही ठिकाणी घटत होती.

येथे एक सूक्ष्म भेद लक्षात ठेवावयास हवा. ‘श्रवणपेशी पाहतात’ असे विधान वृत्तपत्राच्या मथळ्याला शोभेल. अभ्यासकाने ते करू नये. केवळ दृश्यामुळे पेटून उठणाऱ्या पेशी श्रवणक्षेत्रात आढळल्या आहेत, पण त्या थोड्या. बहुतेक वेळा दृश्य किंवा स्पर्श पेशीला स्वतःहून चेतवत नाही. ध्वनीला ती जो प्रतिसाद देणार असते, तो बदलतो. हे कसे घडते याचे एक स्पष्टीकरण पेटर लाकाटोश आणि सहकाऱ्यांच्या २००७ सालच्या संशोधनातून मिळते. चेतापेशींच्या समूहाची ग्रहणक्षमता सतत एका लयीत वरखाली होत असते. त्वचेला झालेला स्पर्श श्रवणक्षेत्रातील ही लय नव्याने सुरू करून देतो. त्यानंतर योग्य क्षणी आलेला ध्वनी अधिक ठळकपणे नोंदला जातो. झोपाळा मागे येऊन पुढे निघण्याच्या क्षणी दिलेला हलका हातही पुरतो, अवेळी दिलेला जोर वाया जातो, तसे हे आहे.

बोलण्याला हे स्पष्टीकरण फार चपखल बसते. बोलताना आपले मुख सेकंदाला साधारणपणे २ ते ७ वेळा उघडते-मिटते आणि आवाजाचा चढउतारही त्याच गतीने होतो. शिवाय अनेकदा ओठांची हालचाल ध्वनीच्या किंचित आधी सुरू होते. ‘प’ उच्चारण्यापूर्वी ओठ मिटावेच लागतात. म्हणजे डोळा कानाला आगाऊ वर्दी देतो.

आपली प्रगती तपासा : ‘चेतापेशी दृश्याला प्रतिसाद देते’ आणि ‘दृश्यामुळे पेशीचा ध्वनीला होणारा प्रतिसाद बदलतो’ या दोन विधानांतील फरक पाच-सहा वाक्यांत स्पष्ट करा.

६.५ त्वचा आणि महाप्राण

तळहात तोंडासमोर चार बोटांच्या अंतरावर धरा आणि ‘पळ’ व ‘फळ’, ‘बार’ व ‘भार’, ‘ताट’ व ‘थाट’ या जोड्या उच्चारा. महाप्राण उच्चारताना हवेचा झोत हाताला जाणवेल. आता कल्पना करा, की उच्चार दुसराच कोणी करीत आहे आणि झोत मात्र आपल्या त्वचेवर येत आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील ब्रायन गिक आणि डॉनल्ड डेरिक यांनी २००९ साली नेमका हाच प्रयोग प्रसिद्ध केला. श्रोत्यांना गोंगाटात ‘प’ किंवा ‘ब’ यांसारखे उच्चार ऐकवताना त्यांच्या हातावर किंवा मानेवर हवेचा अगदी हलका झोत सोडला. झोत असताना श्रोते ‘ब’ ऐवजी ‘प’ ऐकू आल्याचे अधिक वेळा सांगत. इंग्रजीत शब्दारंभीचा ‘प’ महाप्राणयुक्त असतो, हे येथे ध्यानात घ्यावे. म्हणून झोताचा अर्थ त्यांच्या दृष्टीने ‘प’. इंग्रजीत या प्राणाने शब्दांचा अर्थ बदलत नाही. मराठीत तो बदलतो. ‘पळ’ आणि ‘फळ’ हे वेगळे शब्द आहेत. त्यामुळे असा प्रयोग मराठीभाषकांवर होणे भाषाविज्ञानाच्या दृष्टीने अधिक मोलाचे ठरेल, असे मला वाटते. त्यात एकच गुंता आहे : आज अनेक मराठीभाषक ‘फ’ हा ओठ-दातांनी, घर्षण करून उच्चारतात. तेव्हा ‘त–थ’ किंवा ‘ब–भ’ ही जोडी निवडणे बरे.

स्पर्शाचा धागा श्रवणमार्गाच्या पहिल्या थांब्यापर्यंत जातो. चेहरा, जबडा आणि मान यांच्याकडून येणारे संवेदनतंतू मेंदूच्या देठातील पहिल्या श्रवणकेंद्राला जोडलेले आहेत. कानात सतत गुणगुण ऐकू येणाऱ्या काही रुग्णांना दात आवळले किंवा मान वळवली की त्या आवाजात फरक जाणवतो, याचा संबंध या जोडणीशी लावला जातो.

६.६ वर्णमालेचा तक्ता : ओळ कोणाची, स्तंभ कोणाचा?

आता वर्णमालेतील पंचवीस स्पर्श व्यंजनांचा तक्ता समोर ठेवा. प्रातिशाख्ये आणि शिक्षाग्रंथ यांच्या परंपरेने आपल्याला दिलेला हा तक्ता उच्चारणावर उभा आहे. आडव्या ओळी स्थान सांगतात : कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ. उभे स्तंभ प्रयत्न सांगतात : अघोष की घोष, अल्पप्राण की महाप्राण, आणि शेवटी अनुनासिक.

ओठांकडे पाहणाऱ्याला यांपैकी काय दिसते? ओळ दिसते, तीही मुख्यतः एकच, प-वर्गाची. त-वर्गात जिभेचे टोक दातांपाशी ओझरते दिसू शकते. ट-वर्ग आणि क-वर्ग मुखाच्या आत घडतात. स्तंभ मात्र मुळीच दिसत नाहीत, कारण स्वरतंतूंचे कंपन आणि नाकावाटे जाणारी हवा बाहेरून दिसत नाही. ‘पाट’, ‘पाठ’, ‘भाट’, ‘माठ’ हे चार शब्द आरशासमोर आवाज न करता उच्चारून पाहा. चारही सारखेच दिसतील.

कानाची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. मिलर आणि नाइसली यांनी १९५५ साली इंग्रजीतील सोळा व्यंजने गोंगाटात ऐकवून श्रोत्यांच्या चुका तपासल्या. घोषत्व आणि अनुनासिकत्व गोंगाटातही बरेच तगून राहते, स्थान मात्र लवकर हरवते, असे त्यांना आढळले. म्हणजे गलक्यात ‘म’ आणि ‘न’ यांचा घोटाळा होतो, पण ‘म’ आणि ‘प’ यांचा तितका होत नाही. ‘मका’ आणि ‘नका’ यांतील फरक कानाला अवघड, डोळ्याला अत्यंत सोपा. ‘मान’ आणि ‘पान’ यांतील फरक डोळ्याला अशक्य, कानाला सोपा. थोडक्यात सांगायचे, तर तक्त्यातील ओळ ओळखण्यास डोळा हातभार लावतो आणि स्तंभ कान ओळखतो. चेतापेशींनी दोन मार्गांची माहिती इतक्या लवकर एकत्र करण्यात भाषेचा काय लाभ आहे, तो येथे दिसतो. दूरध्वनीवर ‘मनमाडचा म’ सांगावा लागतो तो यामुळेच. तेथे डोळ्याची मदत काढून घेतलेली असते.

६.७ भाषेची व्याख्या आणि बधिर मूल

वरील तक्त्याचा एक परिणाम केवळ शास्त्रीय नाही. ज्या मुलाला जन्मतः ऐकू येत नाही, त्याने ओठ वाचून बोली भाषा शिकावी, असा आग्रह शिक्षणक्षेत्रात दीर्घकाळ धरला गेला. १८८० साली इटलीतील मिलान येथे भरलेल्या बधिर-शिक्षकांच्या परिषदेने खुणांच्या भाषेऐवजी मौखिक पद्धतीचा पुरस्कार केला आणि त्याचे पडसाद अनेक देशांतील शाळांत उमटले. या आग्रहाचा अर्थ आपल्या तक्त्यावर तपासून पाहा. पंचवीस व्यंजनांपैकी ठळकपणे दिसते ती एक ओळ, आणि त्या ओळीतील पाच व्यंजनेही परस्परांहून वेगळी दिसत नाहीत. ज्याला भाषा आधीच येते, तो संदर्भाने उरलेले भरून काढतो. ज्याला भाषा अद्याप शिकायची आहे, त्याच्याजवळ तो संदर्भ कोठून यावा? ओष्ठवाचन हे श्रवणाला उत्तम साहाय्य आहे. श्रवण पूर्णपणे नसेल तर भाषेचा एकमेव आधार म्हणून ते फार तोकडे आहे. २०१० साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे भरलेल्या याच क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय परिषदेने मिलानच्या ठरावांबद्दल खेद व्यक्त केला. मधली १३० वर्षे शाळेत गेलेल्या मुलांची गेली.

या दरम्यान भाषाविज्ञानातही बदल घडत होता. १९६० साली विल्यम स्टोको यांनी अमेरिकेतील बधिरांच्या खुणांच्या भाषेचे विश्लेषण करून दाखवले, की तिला स्वनिमांसारख्या अर्थभेदक घटकांची व्यवस्था आहे : हाताचा आकार, जागा आणि हालचाल. २००० साली लॉरा-अ‍ॅन पेटिटो आणि सहकाऱ्यांनी पूर्णतः बधिर अशा खुणाभाषकांच्या मेंदूचा अभ्यास केला. एरवी भाषेच्या ध्वनींशी निगडित मानला जाणारा कानशिलाजवळचा प्रदेश, खुणांच्या भाषेतील घटक पाहताना त्यांच्यात सक्रिय झाला होता.

‘भाषा ही यादृच्छिक ध्वनिचिन्हांची व्यवस्था आहे’ ही व्याख्या आपण पहिल्या घटकात अभ्यासली. परीक्षेत ती लिहावी, याला माझी हरकत नाही. पण लिहिताना हेही ठाऊक असावे, की त्या व्याख्येतील ‘यादृच्छिक’, ‘चिन्ह’ आणि ‘व्यवस्था’ हे तीन शब्द खुणांच्या भाषेलाही जसेच्या तसे लागू पडतात. अडतो तो फक्त ‘ध्वनी’ हा शब्द. फर्दिनां द सोस्यूर यांनी चिन्हाच्या एका अंगाला ध्वनिप्रतिमा म्हटले, तेव्हा त्यांना हवेतील तरंग अभिप्रेत नव्हता, मनात उमटणारी प्रतिमा अभिप्रेत होती. ती प्रतिमा घडवण्यात ओठांचे दर्शन आणि श्वासाचा स्पर्श यांचाही वाटा असतो, एवढी भर आता घालावी लागते.

६.८ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न व उपक्रम

१. मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड यांच्या प्रयोगात ‘द’ ऐकू येण्याचे कारण कान व डोळा यांच्या पुराव्यांच्या आधारे स्पष्ट करा. उलट जोडीत संयुक्त उच्चार का ऐकू येतो, तेही सांगा.

२. प-वर्गातील पाच व्यंजनांपासून सुरू होणारे, ओठांवर सारखेच दिसतील असे शब्दांचे किमान पाच गट तयार करा. प्रत्येक शब्द ओळखता येण्यासाठी वाक्यात कोणता संदर्भ लागेल, ते लिहा.

३. उपक्रम : अभ्यास केंद्रावरील संपर्क सत्रात हा उपक्रम तिघांनी मिळून करावा. एकाने पाठ फिरवून आणि नंतर समोर तोंड करून वीस शब्द हळू आवाजात वाचावेत. दुसऱ्याने ऐकलेले लिहावे. तिसऱ्याने पंख्याचा किंवा भ्रमणध्वनीवरील गाण्याचा आवाज चालू ठेवावा. शब्दांच्या यादीत ‘मका–नका’, ‘माती–नाती’, ‘पान–मान’, ‘बार–भार’ यांसारख्या जोड्या असाव्यात. झालेल्या चुका वर्णमालेच्या तक्त्यात भरा आणि त्या ओळीच्या आहेत की स्तंभाच्या, हे दोन्ही स्थितींसाठी वेगवेगळे मोजा. तीन महाप्राण जोड्यांच्या चुका स्वतंत्र ठेवाव्यात. त्यांची चर्चा पुढील घटकात करू.